आमच्या बाळाचं जेवण बसवून देणाऱ्या डाएटीशियन ताईंना

ताई, नमस्कार.

फोनवर दरवेळी थँक्यू म्हणते पण ते घाईघाईत, तुमच्याकडे ओपीडीची लाईन लागलेली असते आणि माझ्या कडेवर हा रडत असतो, म्हणून आज नीट लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे अजून कुणाच्या घरी असं बाळ असेल तर त्यांना कळू दे की वाटीभर वरण न खाताही बाळ वाढतं, फक्त कसं ते सांगणारं माणूस भेटलं पाहिजे. आम्हाला तुम्ही भेटलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या मुलाला पीकेयू आहे, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. आपण खातो त्या प्रत्येक प्रोटीनमधे फिनाइलॲलानिन नावाचा एक घटक असतो, आपलं लिव्हर एका एन्झाइमने त्याचं दुसऱ्या घटकात रूपांतर करतं, याच्या शरीरात ते एन्झाइम काम करत नाही. मग ते फिनाइलॲलानिन, तुम्ही सगळे त्याला नुसतं फी म्हणता, ते रक्तात साठत जातं आणि मेंदूची वाढ बिघडवतं. बाळ दिसायला एकदम छान असतं, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन टेस्ट केली तरच वेळेत कळतं, आणि ती टेस्ट आपल्याकडे सगळ्या हॉस्पिटलमधे होत नाही. आमच्या बाळाची झाली हे नशीबच म्हणायचं.

पहिल्यांदा जळगावहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला तुमच्याकडे आलो तेव्हा घरात काय वातावरण होतं ते तुम्हाला आमच्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार. आमचं नात्यात लग्न नाही, दोन्हीकडे असं कुणाला कधी झालेलं नाही, मग आलं कुठून, तर अर्थातच सुनेकडून. माझ्या सासूबाई वाईट नाहीत हो, पण गावात चार बायका विचारायच्या आणि त्यांना उत्तर सापडायचं नाही. तुम्ही मला काही समजवत बसला नाहीत, सरळ सासूबाईंना समोरच्या खुर्चीत बसवलंत आणि कागदावर दोन बाहुल्या काढल्यात, एक माझी एक ह्यांची, प्रत्येकीत अर्धी रंगवलेली, आणि सांगितलंत की आजी, हे अर्धं आईकडून आलंय आणि अर्धं बापाकडून, दोघंही तब्येतीने ठणठणीत असतात त्यामुळे कुणाला माहीतच नसतं, आणि दोन्ही अर्धे एकत्र यायचा चान्स प्रत्येक वेळी चारात एक. त्या कागदाकडे सासूबाई बराच वेळ बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनीच तो शेजारणीला दाखवला. त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणाकडून आलं हा विषय निघालेला नाही. आहाराच्या आधी तुम्ही हे केलंत ताई, आणि ते केलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण हा आहार एकट्या आईने सांभाळायचा नाहीच, अख्ख्या घराने सांभाळायचा आहे.

सहा महिन्यांपर्यंत गणित त्यातल्या त्यात सोपं होतं. फी नसलेली ती प्रोटीनची खास पावडर आधी मोजून पाजायची आणि मग अंगावर घ्यायचं, म्हणजे आईच्या दुधातून जेवढं फी जायला हवं तेवढंच जातं. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं की फी पूर्ण बंद करायचं नाही, थोडं लागतंच, खूप कमी झालं तरी बाळ वाढत नाही, अंगावर चट्टे येतात, मलूल होतं. पण वरचं अन्न सुरू करायची वेळ आली आणि माझी झोप उडाली. कारण आपल्याकडे बाळाचा पहिला घास म्हणजे काय, तर वरणाचं पाणी, मुगाची खिचडी, दूधभात, आणि नेमकं तेच याला सर्वात जास्त मोजून. सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, दाय नही दिधी ते पोर वाढी कसं वं? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे होतं. मला वाटलं होतं तुम्ही एक छापील यादी द्याल, हे बंद ते बंद, आणि चालणाऱ्या गोष्टींमधे ब्रोकोली आणि ब्लूबेरी असेल, जे आमच्या चोपडा तालुक्यात कुठे मिळणार. तुम्ही यादी दिलीच नाही. उलट मलाच विचारलंत की तुमच्या स्वयंपाकघरात काय काय असतं ते सांग, सकाळपासून रात्रीपर्यंत, सणाला काय, उपासाला काय, उन्हाळ्यात वाळवणं कोणती करता. मी सांगत गेले आणि तुम्ही लिहित गेलात, कळण्याची भाकरी, शेवभाजी, डुबुक वडे, भरीत, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, फौजदारी डाळ, बिबडे, साबुदाण्याच्या पापड्या. मग त्यातूनच तक्ता केलात. तो आजही आमच्या फ्रीजवर चिकटवलाय, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर.

एक पॉइंट म्हणजे ५० मिलीग्रॅम फी, म्हणजे साधारण १ ग्रॅम प्रोटीन. ज्वारीचं पीठ १० ग्रॅम घेतलं की एक पॉइंट झाला. शिजवलेला भात ४० ग्रॅम, एक पॉइंट. गाईचं दूध ३० मिली, एक पॉइंट. तूरडाळ कच्ची ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर, आणि तिथेच एक पॉइंट संपला. आमच्या बाळाला तेव्हा दिवसाचे पाच पॉइंट होते, आणि हे मी इथे ठळक सांगते की प्रत्येक बाळाचा आकडा वेगळा असतो, वयाने बदलतो, रक्ताच्या रिपोर्टने बदलतो, त्यामुळे कुणी आमचा आकडा उचलून स्वतःच्या बाळाला लावू नका, आपल्या डॉक्टर आणि डाएटीशियनला विचारा. एवढं सगळं डोळ्यासमोर आल्यावर सासूबाईंना एकदम पटलं की डाळ ही शिक्षा म्हणून बंद नाहीये, त्या चमचाभर डाळीच्या जागी त्याला चाळीस ग्रॅम भात मिळतो, पोट भात भरतो, म्हणून भात घ्यायचा. आता त्याच सगळ्यांना सांगतात.

आणि मग तुम्ही ज्याला मोजायची गरज नाही ते दाखवलंत, तिथे तर मी रडलेच होते, तुम्हाला आठवत असेल. केळी! आमच्या बागेतली केळी. शंभर ग्रॅम केळ्यात प्रोटीन जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास आणि फी ५० मिलीग्रॅमच्या आतबाहेर, म्हणून बाळाच्या खाण्यात येईल तेवढं केळं मोजून पॉइंटात धरायचं नाही म्हणालात. ज्या घरात केळीशिवाय दुसरं बोलणं नसतं त्या घरातल्या पोराला केळं चालतं हे ऐकून त्याच्या आजोबांनी खिशातून रुमालच काढला. नंतर पपई, सफरचंद, दुधीभोपळा, गाजर, गंगाफळ, सगळं उकडून मऊ करून, वरून साजूक तूप, कारण तुपात प्रोटीन नसल्यात जमा आणि ताकद भरपूर.

उपासाच्या डब्याचं तर तुम्ही सोनं केलंत. साबुदाण्यात जवळजवळ प्रोटीन नाहीच, नुसता स्टार्च, त्यामुळे बाकीच्या बाळांना जो पोषणासाठी कमी समजतात तोच आमच्याकडे राजा झाला. पण उपासाचं म्हणून सगळं चालत नाही हेही लगेच बजावलंत, भगर मोजून, राजगिरा आणि शेंगदाणे नकोच. हे सांगितलं नसतं तर कुणीतरी प्रेमाने राजगिऱ्याचा लाडू भरवलाच असता.

उष्टावणाला मी तुमचाच फोन लावून ठेवला होता शेजारी. मामाने चांदीची वाटी आणली, खीर तर पाहिजेच, तर तुम्ही सांगितल्याप्रमाणे साबुदाणा पाण्यातच पारदर्शक होईपर्यंत शिजवला, घोटून गाळला, साखर, तूप, वेलचीचा नुसता वास, दुधाचा थेंब नाही. दिसायला खीरच. त्याने पहिला चमचा थुंकला, दुसरा जिभेने आत-बाहेर केला आणि तिसऱ्याला तोंड उघडून मामाच्या हाताकडे झेपावला. फोटोत सगळे हसतायत. कुठल्याही नातेवाईकाला वाटलं नाही की या पोराचं काही कमी आहे.

पावडरच्या बाबतीत तुम्ही जे शिकवलं ते मात्र मला कुणीच सांगितलं नसतं. वास असा की मोठ्या माणसाने नाक धरावं. सगळे म्हणायचे केळ्यात कालवून दे, कळणारही नाही. तुम्ही ठाम नाही म्हणालात, जेवणात मिसळलं तर तो जेवणच टाकेल आणि पावडर पूर्ण गेली की नाही तेही कळणार नाही, ती वेगळीच द्यायची, थोड्या पाण्यात घट्ट करून चमच्याने, जेवणाच्या आधी, आणि देताना आपण तोंड वाकडं करायचं नाही. ह्यांनी तर त्याच्यासमोर चाटूनही दाखवली. आता तो त्या चमच्याला बघून आ करतो. त्याचं खरं प्रोटीन तेच आहे, बाकीचे सगळे ॲमिनो ॲसिड त्यातूनच मिळतात, म्हणून एकवेळ जेवण राहिलं तरी चालेल पण पावडर राहू द्यायची नाही, हे आता आमच्याकडे शाळेतल्या पुतणीलाही पाठ आहे.

लसीनंतरच्या तापाची रात्र तर मी विसरणार नाही. तो काही खात नव्हता आणि मला वाटत होतं खात नाही म्हणजे फी पण जात नाही, मग बरंच आहे की. तुम्ही रात्री फोन उचललात आणि सांगितलंत की ताप आला, उपास पडला की शरीर स्वतःचंच मांस वापरायला लागतं आणि त्यातलं फी रक्तात येतं, त्यामुळे ताकद पोटात गेलीच पाहिजे, साबुदाण्याची पातळ पेज, साखर, तूप, घोट घोट, आणि पावडर थोडी थोडी करून चालूच. वर औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणालात, कारण बिनसाखरेच्या काही सिरपमधे ॲस्पार्टेम असतं आणि त्यात फी असतं. मी टॉर्चच्या उजेडात एकेक अक्षर वाचत होते आणि तुम्ही हं, हं, पुढे, करत होतात. झोपेतून उठून. त्याचे कुठलेही पैसे तुम्ही घेतले नाहीत.

कानबाईच्या वेळेसचंही लिहायलाच हवं. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली, रोट झाले, आणि रोटांचा प्रसाद घरच्या प्रत्येकाच्या तोंडात गेलाच पाहिजे ही आमच्याकडची रीत, गहू आणि हरभऱ्याची डाळ दोन्ही त्यात. मला वाटलं आता तुम्ही नको म्हणाल आणि घरात वाद होईल. तुम्ही म्हणालात काट्यावर ठेव, ५ ग्रॅमचा तुकडा दे, अर्धा पॉइंट धर आणि संध्याकाळच्या भातातून वजा कर. आजोबांनी सोनं तोलावं तसा तो तुकडा तोलला. नैवेद्याची गंगाफळाची भाजी मात्र त्याने मनसोक्त खाल्ली, तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेली.

भरीतही खातो आता. आपली भरताची हिरवट-पांढरी मोठी वांगी काड्यांवर भाजून, ठेचून, दाणे आणि मिरची न घालता, नुसतं तेल आणि मीठ अगदी चिमटीभर. सोबत साबुदाण्याचं पीठ, मोजलेला उकडलेला बटाटा आणि थोडा इसबगोल घालून थापलेलं थालीपीठ, कारण नुसतं पीठ तव्यावर मोडतं, इसबगोलची युक्ती तुमचीच.

रक्तातल्या फीचा कार्ड रिपोर्ट या वेळी ४.१ मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर आला, म्हणजे हवा तसा २ ते ६ च्या मधे. मेच्या उन्हात कार्ड घरात सावलीत आडवं सुकवायचं, वाळल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. तो बसतो, रांगतो, मामाला ओळखतो, मोबाईल दिसला की हात मारतो.

सरकारी मदतीचंही तुम्हीच समजावलं, २०२१ चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, त्यात पीकेयूचं नाव आहे, मुंबईत केईएम हॉस्पिटलला सेंटर आहे, कागद कोणते लागतात. आणि अंगणवाडी ताईंसाठी साध्या मराठीत जी चिठ्ठी लिहून दिलीत, की या बाळाला पोषण आहाराचं पाकीट का चालत नाही आणि वजन मात्र दर महिन्याला नक्की करा, ती त्यांनी रजिस्टरला टाचून ठेवलीय. दर महिन्याला वजन करतात आणि मला फोन करून सांगतात.

अजून एक, शहाद्याकडची एक ताई आहे, तिच्या मुलीला पण पीकेयू निघालाय, पाच महिन्यांची आहे, आता वरचं सुरू करायचंय आणि घरात तेच सगळं चाललंय जे आमच्याकडे चाललं होतं. तुम्हाला विचारून तिला तुमचा नंबर दिलाय. तक्त्याचा फोटोही पाठवला पण आकडे झाकून, ते तुम्हीच तिला द्या. ती मंगळवारी ओपीडी संपल्यावर फोन करेल, सासूलाही सोबत बसवेल असं मी तिला सांगितलंय. त्या बाहुल्या काढलेला कागद तिच्यासाठी पण काढाल ना ताई?

तुमची,
चोपड्याची, केळीवाल्या बाळाची आई