सुध्या, माणसं आपणहून आली

प्रिय सुध्या,

तुझे तीन मेसेज तसेच पडलेत, एकालाही उत्तर दिलं नाही, काय शिव्या घालायच्या त्या घाल. आईचा गुडघा आहे तसाच, बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी शुगर गोळीवर. झालं तब्येतीचं.

परवा एक गोष्ट घडली, घरी सांगितली तर बायको म्हणाली, मग त्यात काय एवढं. म्हणून तुला लिहितोय. सकाळी साइटवर पोचलो तर गेटपाशी दोन पोरं उभी, पांडू मिस्त्रीचा पुतण्या आणि त्याचा दोस्त. मला वाटलं उचल मागायला आलीत. तर म्हणतात, दादा, काम शिकायचंय, विटा दाबायच्या मशीनवर घ्या. सुध्या, पंधरा वर्षं ठेकेदारी करतोय, काम द्या म्हणत आपणहून कुणी आलं नव्हतं. मीच मुकादमाला फोन करायचो, उचल द्यायचो, होळीला गावी गेलेली माणसं परत येतात का याची वाट बघायचो. गेल्या वर्षी त्यातली निम्मी आलीच नाहीत, स्लॅब दीड महिना लांबला आणि मालकाची बोलणी मी खाल्ली.

आणि काम कसलं माहितीय? मातीच्या दाबलेल्या विटांचं, शाळेचा हॉल. ज्याच्यावरून आपण हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर भांडलो होतो तेच. तू पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलहून मातीचं बांधकाम शिकून आलेला, आणि मी ओरडत होतो की माती म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तूही पाहिलीस मीही पाहिली, ती दगडमातीची रुंद भिंत आणि वर माळवदाचं ओझं. बापू तर अजूनही मातीचं नाव काढू देत नव्हते. त्यांना साइटवर नेऊन आडवे काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यातली उभी सळई दाखवली, हलकं छप्पर दाखवलं, तेव्हा गप्प झाले. त्या रात्री तुझं बरोबर होतं. घे, लिहून दिलं.

आपली काळी माती चालत नाही, फुगते आणि भेगाळते, म्हणून माळावरची मुरमाड माती चाळून घेतो, पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट, मशीनमध्ये दाबायची, मग प्लास्टिकखाली २८ दिवस पाणी. भट्टी नाही, धूर नाही. मशीन साइटवरच, त्यामुळे माणसं गावातलीच आणि संध्याकाळी आपल्या घरी. सुमनताई आणि तिच्या जावा जन्मभर डोक्यावर घमेलं वाहत होत्या, आता मशीन चालवतात, माती मुठीत दाबून ओल बरोबर आहे का ते त्याच सांगतात आणि त्यांचं ऐकावं लागतं. सळई-सिमेंटचा जो पैसा वाचतो त्यातला बराच हजेरीत जातो. आणि भिंतीला प्लास्टर नाही ना, सांधा वाकडा गेला की कायमचा दिसणार, त्यामुळे पांडू मिस्त्री रोज सुट्टीच्या वेळी लांब उभा राहून भिंत बघतो. मागच्या रविवारी बायकोला घेऊन आला होता दाखवायला. फ्लॅटच्या साइटवर कुठला गवंडी बायकोला भिंत दाखवायला आणतो, सांग.

शाळेच्या संस्थेला आयजीबीसीचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचं, रेटिंग हवंय, त्यात बांधकामावरच्या मजुरांच्या सोयींनाही क्रेडिट असतं, म्हणून आर्किटेक्टबाईंनी आधीच पाणी, सावली, बायकांसाठी वेगळा संडास लिहून घेतला. तेव्हा मला तो खर्च वाटला होता. आता बघतो तर बायका टिकल्यात त्या त्याच्याचमुळे. तू सांगितलं होतंस ना, तुमच्या कतारमध्ये, दोह्यात, १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद, ते ऐकून मी मेमध्ये पहाटे सहाला सुरू करून अकराला उन्हातलं काम थांबवलं. एकही माणूस चक्कर येऊन पडला नाही. आणि सलग काम मिळाल्यामुळे सगळ्यांचे ९० दिवस भरले, कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी प्रमाणपत्रं दिली, तर सुमनताईने कागद पदरात बांधला.

आता माझी काळजी. हॉल दिवाळीनंतर संपतो. पुढे एक चार मजली फ्लॅटचं काम हातात येतंय, सगळं सेंट्रिंग आणि मुकादम, पैसा चोख. दुसरं म्हणजे याच संस्थेचं वसतिगृह, याच विटांचं, पण त्यांचा पैसा मार्चशिवाय येत नाही. आणि माझी माणसं शनिवारी बाजाराला पैसे घेतात. दोन शनिवार चुकले की कितीही छान भिंत असू दे, ती पुण्याची गाडी धरतील, आणि त्यांचं बरोबरच आहे, पोट आहे. फ्लॅटचं घेतलं तर ही टोळी मोडली, मग परत तोच फोन आणि तीच उचल. रात्री दोन-दोनला उठून हिशोब मांडतो. बायको म्हणते सुध्याला विचार, तोच काय ते सांगेल. मला वाटतं वसतिगृह घ्यावं, जुना ट्रॅक्टर विकून तीन महिन्यांची हजेरी बाजूला काढावी. वेडेपणा असेल तर स्पष्ट सांग, गोड बोलू नको.

तुझं कसं चाललंय? छोटीची दहावी झाली ना, किती पडले? वहिनींना नमस्कार. पगार वेळेवर होतोय ना?

आणि हो, ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये तुझ्या ओळखीचं अजून कुणी आहे का? पांडूच्या पुतण्याला तिथे शिकायला पाठवायचंय, भाडं मी देतो. आणि माझा पितळी ओळंबा तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नको, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी तूच नेलास. दिवाळीला येताना आण. पोराला द्यायचाय.

तुझा,
बाळ्या