वर्दी उतरली, हद्द मात्र तीच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुका जवळ आल्या की चौकात फलक लागतात आणि त्यातल्या एखाद्यावर ओळखीचे साहेब दिसतात. कालपर्यंत बंदोबस्ताला, आज हात जोडून. पोलिसाने राजकारणात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. सुशीलकुमार शिंदे फौजदार होते. नोकरी सोडून पक्षात आले, १९७४ साली करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकले, २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले. खालपासून राजकारण शिकत वर गेलेल्या माणसाला कोण नावे ठेवील?

माझा आक्षेप घाईला आहे. सत्यपाल सिंह जानेवारी २०१४ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त होते, फेब्रुवारी उजाडताच भाजपमध्ये आणि मे महिन्यात बागपतचे खासदार. कानपूरचे आयुक्त असीम अरुण यांनी जानेवारी २०२२ मध्ये निवडणूक जाहीर होताच स्वेच्छानिवृत्तीची वाट धरली. कन्नौजमधून आमदार झाले, मग मंत्री. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांच्यासाठी २०२० मध्ये तीन महिन्यांच्या नोटिशीची अटही शिथिल झाली. (तिकीट मात्र मिळाले नाही. सरकारपेक्षा पक्ष हिशेबी निघाला!)

हे सारे नियमात बसते. निवृत्त आयपीएस अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायचे तर वर्षभर सरकारची पूर्वपरवानगी लागते, पक्षात जायला काही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२२ मध्ये हा विषय गेला, तेव्हा तो कायदेमंडळाने ठरवावा असे म्हणून न्यायालयाने हात घातला नाही. आणि कायदेमंडळात बसतात तिकिटे वाटणारेच पक्ष.

आयुक्तांची नावे पेपरात येतात. मला काळजी वाटते ती पोलीस ठाण्याच्या पातळीची. गणेश मंडळातर्फे मी शांतता समितीच्या बैठकांना बसत आलो आहे. वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर मंडळांचे अध्यक्ष, नगरसेवक, बारवाले एका रांगेत ताटकळतात. स्पीकरची परवानगी, मिरवणुकीचा मार्ग, कुणाच्या पोरावर ‘चॅप्टर’ (चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई) लागणार, कुणाचा तडीपारीचा प्रस्ताव वर जाणार, सगळे त्या एका टेबलावरून हलते. शिवाय ठाण्यात ‘गोपनीय’चा अंमलदार असतो. साध्या कपड्यांत सभेच्या मागे उभा राहून कोण काय बोलले, कुणाचे कुणाशी फाटले, कुणामागे किती पोरे आहेत, ते साहेबांच्या कानावर घालतो. कायदा-सुव्यवस्थेसाठी हे लागतेच. पण तेच साहेब राजीनामा देऊन त्याच भागातून अर्ज भरतात, तेव्हा डोक्यातली माहिती काही सरकारजमा होत नाही. समोरचा उमेदवार मतदारयादी घेऊन दारोदार फिरतो. यांना कुठल्या घरातली कुठली भानगड मिटवली तेही पाठ असते.

बरे, खुर्चीतल्या शेवटच्या वर्षातली कारवाईही मागाहून संशयात येते. एखाद्या कार्यकर्त्याची तडीपारी अगदी रास्त असेल, पण साहेब त्याच्याविरुद्धच उभे राहिले तर कोण मानेल? प्रचारफेरीला बंदोबस्त द्यायला येतात तेही कालचे हाताखालचेच. त्यांचा हात सलामाला उठतो, सवयच तशी.

‘मतदार सुज्ञ आहेत, पाडतील’ असे म्हणणारे चकमकफेम पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांकडे बोट दाखवतात. जुलै २०१९ मध्ये राजीनामा, त्याच ऑक्टोबरात नालासोपाऱ्यातून उमेदवारी आणि पराभव. ठीक आहे. पण मोजणीत मते कळतात, खुर्चीत बसून पुढची तयारी कधीपासून चालली होती ते कळत नाही.

सरसकट बंदी नको. तो नागरिक म्हणून त्यांचा हक्क आहे. शेवटच्या तीन वर्षांत ज्या हद्दीत काम केले, तिथून दोन वर्षे उमेदवारी नाही, एवढेच पुरे. दुसरीकडून उद्या उभे राहा.

कायदा होईल तेव्हा होईल. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण विचारतात, नेमणुका विचारत नाहीत. आपल्या दैनिकाने उमेदवारांची माहिती छापताना माजी पोलीस अधिकाऱ्यांपुढे शेवटच्या पाच वर्षांत कुठे, कोणत्या पदावर होते, एवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक