लाल लघवीबद्दल

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुधीर,

काल फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास, "दोन दिवस लघवी लालसर झाली होती, आता साफ आहे. दुखलंबिखलं काही नाही." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

माझंही असंच सुरू झालं होतं. पहाटे कोकमाच्या सरबतासारखा रंग दिसला, दुपारपर्यंत गेला. दवाखान्यात उष्णता म्हणून गोळ्या मिळाल्या, मी धने-जिऱ्याचं पाणी प्यायलो आणि विसरलो. पाच महिने वाया गेले. पुन्हा रंग आला तेव्हा सोनोग्राफी केली. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ५ सेंटिमीटरची गाठ! कंबर कधी दुखली नव्हती. मुतखडा माणसाला लोळवतो म्हणून तो धावत डॉक्टरकडे जातो, ही गाठ मात्र गपचूप वाढते. कित्येकांची तर भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते.

तुला कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. खडा असेल, इन्फेक्शन असेल. पण रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं असं नसतं. त्यात तुझी सिगारेट आणि बीपी, दोन्ही किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढवतात. सिगारेटने मूत्राशयाचाही वाढतो, म्हणून डॉक्टर दुर्बिणीने आत बघू म्हणाले तर नाही म्हणू नकोस.

सीटी स्कॅनआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, किडनी नीट काम करते का ते त्यावरून कळतं. शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, घाबरू नकोस. माझी बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, आधी केलीच नाही, सीटीवरून चित्र स्पष्ट होतं. गाठ तेवढी काढली, किडनी वाचली. ना केमो, ना रेडिएशनचा शेक. नेहमीची केमो या कॅन्सरवर फारशी चालतही नाही. पसरलेला असेल तर आता इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) आणि टार्गेटेड गोळ्या (कॅन्सरच्या वाढीवर नेमका घाव घालणाऱ्या) आहेत, वीस वर्षांपूर्वी यातलं फारसं काही नव्हतं. पण तिथवर जाऊच कशाला द्यायचं?

मंगळवारी सकाळच्या एसटीने येतोय. युरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. सोनोग्राफी करावी लागेल, म्हणून सकाळी काही खाऊ नकोस, पाणी भरपूर पी आणि लघवी धरून ठेव. वहिनींना आजच सांग, लपवू नकोस.

तुझा,
विनय