ओपनिंग पाठ करू नकोस, ठेवण ओळख

फोंडा, गोवा

प्रिय गुरुदास,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. उत्तर लांबणार हे दिसलं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. नायडॉर्फ सिसिलियन या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली रोज रात्री घोकतोस आणि म्हापशाच्या बुद्धिबळ स्पर्धेत समोरच्या पोराने सहाव्याच चालीला भलतं प्यादं ढकललं, तर पुढे काही सुचेना म्हणतोस. अरे, सुचणार कसं? पाठ केलीस ती चाल, तिच्यामागचं कारण नव्हे.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला. त्या पातळीवर पाठांतर लागतंच, कारण समोरचाही तयारी करूनच बसलेला असतो. आपल्या रविवारच्या स्पर्धांत मात्र पाठ चालींचं पुस्तक लवकर मिटतं. तिथून पुढे प्याद्यांची ठेवण, म्हणजे पटावर प्यादी कशी उभी आहेत ते, ओळखीची असली तरच डाव हातात राहतो.

म्हणून नायडॉर्फ सोड आणि काळ्याने कारो-कान धर, म्हणजे पांढऱ्याच्या ई-४ ला सी-६ हे उत्तर. तू पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिट, म्हणजे डी-४ आणि मग सी-४, खेळतोस ना? त्यात सी-४ च्या प्याद्याने डी-५ वर मारामारी केलीस आणि काळ्याने ई प्याद्याने परत मारलं, की कार्ल्सबाड नावाची ठेवण तयार होते. वजिराच्या बाजूला तुझी ए आणि बी ही दोनच प्यादी, त्याची तीन. तू हत्ती बी-१ वर आणतोस, बी प्यादं बी-४, मग बी-५ असं रेटतोस आणि सी-६ वर मारतोस. त्याने बी प्याद्याने मारलं की सी-६ चं प्यादं मागे पडून कमजोर होतं आणि अर्ध्या खुल्या सी पट्टीवरून तुझा हत्ती त्याच्यावर डोळा ठेवून बसतो. त्यात काळाही गप्प बसत नाही. तो घोडा ई-४ वर रोवतो आणि तुझ्या राजावर चालून येतो.

आता गंमत बघ. कारो-कानमध्ये पांढऱ्याने डी-५ वर मारामारी केली, की हीच ठेवण रंग उलटून येते. बी प्यादं रेटणारा तू, सी-३ सांभाळणारा तो. आणि काळ्याने खेळताना पांढऱ्याच्या डी-४ ला डी-५, ई-६ असं उत्तर दिलंस, तर पांढरा तुझ्यावर तेच करू बघेल. तेव्हा बचाव कुठे दुखतो हे तुला आधीच ठाऊक असेल. एक ठेवण नीट समजली की तिन्हीकडे उपयोगी पडते, याहून स्वस्त सौदा मला तरी माहीत नाही. प्रत्येक जण मारामारी करणार नाही, हे खरं. पांढऱ्याने ई-५ ला प्यादं पुढे सारलं तर आधी उंट एफ-५ ला काढ, मगच ई-६ कर, नाहीतर तो आत कोंडला जातो.

कुणी अगदीच भलतं खेळलं तर अमेरिकन खेळाडू मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधला डाव आठव. सतराव्या चालीला मात झाली, तेव्हा काळ्याचा राजाकडचा उंट आणि हत्ती घरातून हललेही नव्हते. मोहरे बाहेर काढ, किल्लेकोट कर. नव्वद टक्के भलत्या चालींना एवढंच उत्तर पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

डाव संपला की लगेच इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्राम, लावू नकोस. ओळखीची वाट कुठे सुटली ती चाल शोध, तिथे काय खेळतात ते बघ, का खेळतात ते वहीत एका वाक्यात लिही. त्या दिवशी एवढंच पुरे. वही भरेल तसं तुझं स्वतःचं पुस्तक होईल, आणि ते विसरायला होत नाही.

तुझे म्हापशाचे सगळे डाव पाठव, हरलेले आधी. चतुर्थीला येशील तेव्हा कार्ल्सबाड मांडून बसू, पहिल्यांदा काळा तू घे.

तुझा,
उल्हास