पोरीच्या मनाआधी पिस्तूल उघडून बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या जिल्ह्यातल्या नेमबाजांवर पानभर मजकूर आला. फोटो झकास. पण लेखाच्या शेवटी जे लिहिलंय, की आमची पोरं सरावात दहा-दहा लावतात आणि स्पर्धेत कच खातात, कारण मन कणखर नाही, ते वाचताना हातातला चहा गार झाला. मनातलं मला फारसं कळत नाही. मी फौजेत चोवीस वर्षं आर्मरर होतो. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात बसून जवानांची हत्यारं उघडायची, पुसायची, मोजायची, बिघडलेली नीट करायची, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळं कुणाचा नेम चुकला की माझी नजर आधी त्याच्या हातातल्या वस्तूकडं जाते. बरेचदा पुढं जायची गरजच पडत नाही.

एक उदाहरण देतो. नाव सांगत नाही, पोरगी अजून खेळते.

कागलकडची ही मुलगी पंचवीस मीटर पिस्तूल खेळते. या प्रकारात दोन टप्पे असतात. पहिल्यात तीस गोळ्या सावकाश, पाचाच्या मालिकेला पाच मिनिटं. दुसऱ्यात टार्गेट तीन सेकंदच समोर, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबायचं. तीन महिन्यांत तिचा पहिल्या टप्प्याचा आकडा तीनशेपैकी २८५ वरून २७४ वर घसरला होता. दुसऱ्या टप्प्याचा जिथल्या तिथं. यावरून सगळ्यांनी निदान काढलं, की पोरीला वेळ मिळाला की ती विचार करत बसते. मग काय, श्वासाचे व्यायाम झाले, समुपदेशन झालं, रात्रीचे भिजवलेले बदाम झाले, आईनं ज्योतिबाला खेटे घातले. पिस्तूल मात्र कुणी उघडलं नाही.

बापलेक माझ्याकडं आले तेव्हा मी तिची डायरी बघितली आणि एक गोष्ट खटकली. सावकाश टप्प्याच्या टार्गेटवरचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा असतो आणि वेगाच्या टप्प्यातला १०० मिलिमीटरचा. म्हणजे पिस्तूलच दोन-तीन सेंटिमीटर इकडं-तिकडं टाकत असेल, तर लहान गोलात ते उघडं पडणार आणि मोठ्या गोलात झाकून जाणार. अगदी तिच्या डायरीत होतं तसं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री आधी तिनं केली, मग मी केली. मॅगझीन बाहेर, बोल्ट मागं, चेंबरमध्ये बॅटरीचा उजेड. मग तिलाच पिस्तूल धरायला सांगितलं आणि मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या पातीवर अंगठ्याचं नख टेकवून डावीकडं दाबलं. काही नाही. उजवीकडं दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. पुन्हा टिक. माझ्याजवळचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, लावला तर पाव मिलिमीटरची पाती सहज आत गेली. आता हिशेब बघा. या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर नियमानं जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. तिथं पाव मिलिमीटर हललं, तर पंचवीस मीटरवर गोळी जवळजवळ २८ मिलिमीटर सरकते. दहाच्या गोलाच्या मध्यापासून कडा २५ वर. पोरगी बरोबर मारत होती आणि पिस्तूल तिचे दहाचे नऊ करत होतं.

साइट फिरवायच्या स्क्रूखाली एक बारीक स्प्रिंग असते, ती दमली होती. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. बाहेरून मागवायची तर दोन महिने लागतील म्हणाले. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, स्प्रिंगा वळणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं जुना नमुना घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून तार निवडली, वळली, चिमट्यानं टोकं दाबली. ‘कशाची हो ही?’ म्हणाले. सांगितल्यावर पैसे घेईनात. पंधरवड्यानं पोरीचा फोन आला, २८३. बापानं या तीन महिन्यांत किती खर्च केला ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

हे फक्त गावाकडच्या पोरांच्या वाट्याला येतं असंही नाही. जुलै २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. ५७५ गुणांवर बारावी आली, अंतिम फेरी हुकली. तेव्हाही लोकांनी तिच्या मनावरच बोट ठेवलं होतं. त्याच मुलीनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेतली. तिचं मन तीन वर्षांत नवीन बसवलं म्हणायचं काय?

आता मुद्द्याचं. माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो प्रॅक्टिकल शूटिंग खेळतो. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया गावी, याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका जागी उभं राहून मारायचं नसतं. पळत जायचं, आडोशातून वाकायचं, पुठ्ठ्याची टार्गेटं आणि लोखंडी पत्रे पाडायचे, मध्येच मॅगझीन बदलायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, येईल तो आकडा खरा. व्हिडिओवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘हा काय तमाशा रे?’ मग तो सुट्टीला आला आणि त्यानं त्याची वही दाखवली. मी चाट पडलो. आमच्या कोतच्या रजिस्टरलाही लाजवेल अशी.

किती गोळ्या झाल्या, तारीखवार. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे झटका झेलणारी, कितव्या हजाराला बदलली. रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, कधी साफ केला. प्रत्येक मॅगझीनच्या बुडाला रंगानं नंबर, आणि वहीत त्या नंबराचं वेगळं पान. तीन नंबरच्या पानावर लिहिलेलं, शेवटची गोळी तिरकी चढते, दोनदा झालं, सरावाला टाकलं. ‘मामा, पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या घालतात. दहातल्या सात वेळा मॅगझीनच असतंय. वाळूत पडलेलं असतंय, नाहीतर वरचे ओठ फाकलेले असत्यात.’ सातचा आकडा त्याचा, माझा नव्हे. पण बोलणं पटलं. आम्ही वापरायचो ते इशापूर फॅक्टरीचं ९ मिलिमीटर १ए पिस्तूल. मॅगझीन काढलं की त्याचा चाप मरतो, कारण आत एक लहानसा खटका मॅगझीनच्या पुढच्या अंगाला टेकलेला असतो. ते अंग खडबडीत झालं की दर वेळी चाप खरखरत ओढला जायचा. जवान म्हणायचा, उस्ताद, चाप जड झाला. आम्ही चाप न उघडता आधी मॅगझीनचं तोंड बघायचो.

त्या खेळात पिस्तूल ‘ट्यून’ करणं म्हणजे काय, तेही त्यानं समजावलं. रिकॉइल स्प्रिंग हलकी बसवली की झटका मऊ लागतो. जास्तच हलकी केली तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढं पूर्ण बसत नाही. घोड्याची स्प्रिंग हलकी केली की चाप लोण्यासारखा होतो, पण प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या टिकलीवर, ठोका कमी पडतो आणि गोळी पेटत नाही. एका बाजूला दिलं की दुसऱ्या बाजूनं कापून घेतंय. शिवाय स्पर्धेत गोळीचा वेग यंत्रावर मोजतात. गोळीचं वजन ग्रेन या बारीक मापात, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. किमान १२५ भरायला हवेत. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली तर १३० भरतात, म्हणजे पास. स्प्रिंग निवडायची ती या गोळीला जुळणारी. आणि मधेच पिस्तूल अडकलं तर घड्याळ थांबत नाही. तुझं तू सोडव. दोन मिनिटांत सुटलं नाही तर बाजूला हो.

आपल्या पंचवीस मीटरला याच्या बरोबर उलटं आहे. गोळी अडली तर पिस्तुलाला हात लावायचा नाही, तोंड टार्गेटकडंच ठेवून मोकळा हात वर करायचा, पंच येऊन ठरवणार. घाईनं बोल्ट ओढलात तर पुन्हा मारायची सवलत गेली. ही सोय असल्यामुळंच आपल्याकडं सांभाळणं ढिलं पडतं असा माझा समज आहे. त्यांना तिथल्या तिथं फटका बसतो, म्हणून वही लिहिली जाते. ९ मिलिमीटर आपल्याकडं सामान्य माणसाला मिळत नाही, तेव्हा तो खेळ कोल्हापुरात आणा असं मी म्हणत नाही. त्यांची वही तेवढी आणा.

कारण आपल्या पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू (.२२) पिस्तुलाला तर ती जास्त लागते. या गोळीला मेणाचा हात असतो, शिसं उघडं असतं. दोन-तीनशे गोळ्यांत चेंबरच्या तोंडाशी काळं कडं धरतं आणि गोळी शेवटची केसभर आत जात नाही. पोरं वरून तेल मारतात. शिलाई मशीनचं, एकानं तर खोबरेल. आठ दिवसांत त्याचा डिंक होतो. आणखी एक खोड म्हणजे घरी टीव्हीसमोर बसून रिकामा चाप ओढत राहणं. टू-टूमध्ये फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते. ड्राय फायरची सोय पिस्तुलात असेल तर ती लावून करा, नाहीतर करू नका. पावसाळ्याबद्दल काय सांगू? जूनमध्ये फोमच्या पेटीत ओलं पिस्तूल बंद केलं की फोम ओल धरून ठेवतो आणि सकाळी नळीवर तांबूस ठिपके. घरी गेल्यावर पेटी उघडी टाका, पिस्तूल पुसून फडक्यावर काढा. आणि हवेच्या पिस्तुलाच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की तो स्पर्धेत चालत नाही. जुना स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना ती वाचावी.

चाप हलका करून द्या म्हणून माझ्याकडं येणाऱ्यांना मी हात जोडतो. हवेच्या पिस्तुलाला ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटरला १००० ग्रॅम वजन चापानं उचललंच पाहिजे, स्पर्धेनंतरही तपासतात, आणि नाही उचललं तर दिवसभराची मेहनत बाद. कानस लावून सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा खटका, घासणारे महाभाग आहेत. घासलेला धातू परत येत नाही, आणि तसलं पिस्तूल नुसत्या धक्क्यानं उडू शकतं. शिवाय आर्म्स अॅक्टच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. माझ्याकडं तो नाही, म्हणून मी दुकान मांडलेलं नाही. मालकाच्या हातात पिस्तूल, मी शेजारी बसून बोट दाखवणार, एवढंच माझं काम.

म्हणून मागणी आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्य घेतलं. ज्या जिल्ह्याची ही पोरं, तिथं माझ्या ओळखीतल्या मुलांना एका स्क्रूसाठी बापाला रजा टाकायला लावून पुण्या-मुंबईला जावं लागतं. नवीन रेंजचा विषय निघाला की इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि एसीवर चर्चा होते, ते पाहिजेच. पण कोपऱ्यात एक टेबल टाका. मऊ जबड्यांचा व्हाइस, दोन प्रमाणित वजनं, मोजून आवळणारा स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज, पितळी ब्रश, चिंद्या. आठवड्यातून एक दिवस परवानाधारक दुरुस्ती करणारा माणूस मानधनावर बसवा. आणि प्रत्येक पिस्तुलाला एक वही. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या जुन्या यंत्र-कारागिरांच्या गावात मायक्रॉनमध्ये काम करणारे हात शोधायला लांब जावं लागणार नाही, उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरा. असा माणूस नेमेपर्यंत गुरुवारी सकाळी मी येऊन बसायला तयार आहे. मानधन नको, चहा सांगितला तर चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार (आर्मरर),
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. – खंडेनवमी जवळ आली आहे. पूजा जरूर करा, मीही माझ्या पान्या-पक्कडींची करतो. पण हळद-कुंकू पिस्तुलावर वाहू नका, पेटीवर वाहा. गेल्या दसऱ्यानंतर एका पिस्तुलाच्या चापातून मी चिमटभर कुंकू आणि झेंडूची अख्खी पाकळी काढली आहे.