तासातून एकदा आमच्या गावाचं नाव : एफसीसीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. ब्रेंडन कार,
अध्यक्ष, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी),
वॉशिंग्टन डी.सी.

स.न.वि.वि.

आमच्या छोट्या गावातलं एफएम स्टेशन एका धार्मिक प्रसारणसंस्थेला विकलं गेलं. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर आकडा तोच दिसतो, पण आवाज येतो दुसऱ्याच राज्यातून, उपग्रहामार्गे. दिवसभर एकाच वळणाची भक्तिगीतं, अधूनमधून निवेदकाचं हसतमुख बोलणं आणि मग देणगीचं आवाहन. आमच्या गावाचं नाव तासातून एकदा येतं. स्टेशनची ओळख-अक्षरं (कॉल लेटर्स) आणि परवान्यावरचं गाव दर तासाला सांगायचं, असा अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांना परवाने देणाऱ्या तुमच्या आयोगाचाच नियम आहे ना! कधीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला तो आवाज नावाचा चुकीचा उच्चार करतो आणि पुढचं गाणं लागतं.

याच आकड्यावर पूर्वी बर्फ पडलेल्या सकाळी एक गृहस्थ बंद शाळांची यादी वाचायचे. आमच्या शाळेचं नाव जवळजवळ शेवटी, त्यामुळे माझी मुलगी पांघरुणातून फक्त कान बाहेर काढून श्वास रोखून पडलेली असायची. मध्येच ते यादी थांबवून सांगायचे, नदीवरच्या पुलावर आत्ताच एक गाडी घसरलीय, सावकाश जा. कुणाचा कुत्रा हरवलाय, हायस्कूलची मॅच कोण जिंकलं, हेही तिथेच कळायचं. माझं आडनाव त्यांना कधीच नीट म्हणता आलं नाही. पण प्रत्येक वेळी म्हणून बघायचे, आणि स्टुडिओचं दार वाजवलं तर उठून उघडायचे.

गैरसमज नको. मला देवाधर्माचं वावडं नाही. मी कीर्तनं ऐकतच वाढलो. माझी शेजारीण या नव्या स्टेशनला दरमहा देणगी देते, तिला त्या गाण्यांनी खरोखर धीर येतो. कुणी काय वाजवावं हे सरकारनं ठरवू नये, हे मला मान्य आहे. स्टेशननं कार्यक्रमांचा बाज बदलला तर आयोगानं त्यात पडलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1981 सालीच सांगून ठेवलंय. माझी तक्रार मालकीच्या हिशेबाबद्दल आहे.

व्यावसायिक कंपनीला अगदी मोठ्यात मोठ्या शहरातही 8 पेक्षा जास्त रेडिओ स्टेशनं ठेवता येत नाहीत, त्यातही एफएम 5 च. ‘अव्यावसायिक शैक्षणिक’ असा शिक्का असलेल्या स्टेशनांना मात्र ही मर्यादाच लागू नाही. सवलत चांगल्या हेतूनं दिलेली. 88 ते 92 मेगाहर्ट्‌झचा पट्टा शिक्षणासाठी राखून ठेवला, तिथे कॉलेजं आणि शाळा येतील अशी अपेक्षा होती. एखादं कॉलेज शंभर स्टेशनं घेईल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसावं. आज तोच शिक्का घेऊन देशभर पसरलेल्या धार्मिक प्रसारणसंस्था राखीव पट्ट्याबाहेरच्या, धंदेवाईक फ्रिक्वेन्सीही विकत घेतात. ‘के-लव्ह’ ही ख्रिस्ती गाण्यांची साखळी चालवणाऱ्या एज्युकेशनल मीडिया फाउंडेशननं 2018 मध्ये शिकागोचं ‘द लूप’ हे रॉक स्टेशन घेतलं. 2019 मध्ये क्युम्युलस या रेडिओ कंपनीकडून 10 कोटी 35 लाख डॉलरला एकदम सहा स्टेशनं घेतली. त्यात न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे होतं आणि खुद्द तुमच्या कार्यालयाच्या शहरातलं डब्ल्यूआरक्यूएक्सही. 2020 मध्ये बोस्टनचं डब्ल्यूएएएफही त्यांच्याकडे गेलं. सगळं कायदेशीर, सगळ्याला आयोगाची मंजुरी.

विकणाऱ्यालाही मी फार दोष देत नाही. 1996 च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीच्या स्टेशनांवरची देशपातळीवरची मर्यादा उठली, कंपन्यांनी कर्ज काढून स्टेशनं गोळा केली आणि पुढे तीच गळ्याशी आली. अशा वेळी रोख पैसे घेऊन उभा राहणारा गिऱ्हाईक म्हणजे देवच. या गिऱ्हाइकाला देणग्यांवर कर नाही, आयोगाची वार्षिक फी माफ, आणि गावात पगार द्यावा असा एकही माणूस नाही. गावातल्या कुणी त्याच्यासमोर कशाच्या जोरावर बोली लावायची?

‘गावात माणूस नाही’ हे पूर्वी इतकं सोपं नव्हतं. परवान्याच्या गावात किंवा जवळपास मुख्य स्टुडिओ हवा आणि तिथे माणसं हवीत, हा नियम जवळजवळ 80 वर्षं होता. (उपग्रहावर चालणाऱ्या अव्यावसायिक साखळ्यांना त्यातूनही सूट मिळायची, ती गोष्ट वेगळी.) 24 ऑक्टोबर 2017 रोजी आयोगानं 3 विरुद्ध 2 मतांनी तो रद्द केला. त्या तिघांत आपण होता.

नॉर्थ डकोटातलं मायनॉट तुम्हाला नव्यानं सांगायला नको. 18 जानेवारी 2002 च्या मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली, अमोनियाचा ढग गावावर आला, एक माणूस गेला. गावातली धार्मिक नसलेली सहाही व्यावसायिक रेडिओ स्टेशनं तेव्हा एकाच कंपनीची होती आणि त्या रात्री रेडिओवरून लोकांना वेळेत इशारा मिळाला नाही. दोष कंपनीचा की पोलिसांच्या यंत्रणेचा, यावर पुढे बराच वाद झाला. ती कंपनी काही धार्मिक नव्हती, आणि म्हणूनच हे उदाहरण देतोय. मालक भजन लावतो की रॉक, याच्याशी त्या ढगाला देणंघेणं नव्हतं.

2025 मध्ये ‘डिलीट, डिलीट, डिलीट’ म्हणत आपण नको असलेले नियम खोडायला घेतलेत. खोडायचंच असेल तर माझी एक सूचना आहे : अव्यावसायिक साखळ्यांना मालकीच्या मर्यादेतून दिलेली सरसकट सूट खोडा. एका गावात एकच स्टेशन चालवणारं कॉलेज, चर्च, देऊळ, मशीद यांना ती खुशाल राहू द्या. पण देशभर स्टेशनं असलेल्या संस्थेची मोजदाद इतरांसारखीच व्हावी, आणि तिनं प्रत्येक परवान्याच्या गावात निदान एक जितंजागतं माणूस नेमावं. दर तीन महिन्यांनी स्थानिक प्रश्नांवरच्या कार्यक्रमांची यादी ऑनलाइन फाइलमध्ये टाकावी लागते, ती कुणीतरी वाचावी हीही विनंती. आमच्या स्टेशनची मी वाचली. कुटुंबसंस्था, ताणतणाव, आरोग्य असे विषय आहेत. आमच्या नदीच्या पुराचा उल्लेख नाही.

परवाना हस्तांतराच्या अर्जाला हरकत घ्यायला 30 दिवस मिळतात. आम्हाला हे कळलं तेव्हा स्टुडिओच्या दारावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागली होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक श्रोता

ता.क. : स्टुडिओचा नियम गेला, पण स्थानिक किंवा टोल-फ्री फोन नंबर ठेवण्याचं बंधन तुम्ही शिल्लक ठेवलंत, त्याबद्दल आभार. गावाच्या नावाचा खरा उच्चार सांगायला मी त्या नंबरवर फोन केला होता. बाई फार गोड बोलल्या, निरोप लिहून घेतला, आणि मग विचारलं, हे गाव नक्की कुठल्या राज्यात आहे?