फॅरो हाउंड इजिप्तचा नव्हे, माल्टाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूमध्य समुद्राकाठच्या शिकारी कुत्र्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला मजकूर वाचला. हाउंड जातींवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे आनंदच झाला. मात्र त्यात फॅरो हाउंडला ‘पाच हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तचा राजकुत्रा’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. हा कुत्रा माल्टा बेटांचा. तिथे त्याला केल्ब ताल-फेनेक म्हणतात. केल्ब म्हणजे कुत्रा आणि फेनेक म्हणजे ससा.

‘फॅरो’ (म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा) हे नाव त्याला बाहेर चिकटले. १९६०च्या दशकात माल्टाहून काही कुत्री ब्रिटनमध्ये नेली गेली आणि तिथे त्यांची पैदास सुरू झाली. उभे कान, लांब तोंड, सडपातळ बांधा हे सगळे इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांमधल्या कुत्र्यांसारखे दिसते, म्हणून नाव लोकांना पटले. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७४ साली या नावाने जातीला मान्यता दिली. घोळ असा, की एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ‘फॅरो’ हे नाव पूर्वी स्पेनच्या इबिझन हाउंडला होते. १९७७च्या सुमारास ते माल्टाच्या कुत्र्याकडे आले. १९७७ सालीच माल्टाने या कुत्र्याचे चित्र असलेले एक पौंडाचे चांदीचे नाणे काढले.

इजिप्तचा धागा जनुकीय तपासणीतही टिकला नाही. २००४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बसेंजी, सलुकी, अफगाण हाउंड या जाती प्राचीन गटात निघाल्या. फॅरो आणि इबिझन हाउंड मात्र त्या गटात बसले नाहीत. त्यांची आजची घडण बरीच अलीकडची असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. म्हणून कुत्र्याची किंमत कमी होत नाही. १६४७ साली जोव्हान्नी फ्रांचेस्को आबेला यांनी माल्टाचे वर्णन लिहिताना सशाच्या शिकारीत नावाजलेल्या ‘चेर्नेकी’ कुत्र्यांची नोंद केली आहे. शेजारच्या सिसिलीतल्या चिर्नेको देल्लेत्ना जातीच्या नावाशी हा शब्द जुळतो. हा पुरावा बेटांवरचाच आहे आणि भरवशाचाही आहे.

आपल्या लेखातली दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. तिथे हा कुत्रा ‘सशामागे वाऱ्यासारखा धावतो’ एवढेच लिहिले आहे. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. आपल्या माळावरचा रानससा बीळ करत नाही. गवताच्या आडोशाला दबून बसतो आणि उठला की उघड्यावर पळतो. म्हणून आपला कारवान जातीचा शिकारी कुत्रा नजरेने हेरतो आणि पायाने गाठतो. माल्टाचा ससा बिळात आणि दगडी बांधांच्या फटीत राहतो. तिथली शेते लहान, आणि प्रत्येकाला चुना-सिमेंटाशिवाय रचलेला दगडी बांध. कोकणातला गडगा डोळ्यांपुढे आणला की कल्पना येईल. अशा बांधाला दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावतात आणि मधली पोकळी बारीक दगडांनी भरतात. ससे त्या पोकळीत शिरतात.

शिकार बहुधा रात्री होते. कुत्रा बांधाच्या कडेने वास घेत, कान फिरवत जातो. आत हालचाल जाणवली की तिथेच थांबून भुंकतो. मग शिकारी आसपासच्या फटींवर जाळ्या लावतो आणि गळ्यात घुंगरू बांधलेला फेरेट आत सोडतो. फेरेट म्हणजे सडपातळ, लांबट अंगाचा पाळीव शिकारी प्राणी. तो आत कुठवर पोहोचला, हे घुंगराच्या आवाजावरून कळते. ससा बाहेर आला की जाळीत अडकतो, जाळी चुकवली तर कुत्रा धरतो. एखादी फट उघडी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. या कामात नाक आणि कान आधी लागतात, पाय नंतर. त्या मोठ्या उभ्या कानांचे कारण थडग्यांतल्या चित्रांपेक्षा या बांधांत शोधणे बरे.

छायाचित्राखालची ओळही चुकली आहे. चित्रातल्या कुत्र्याच्या अंगावर पांढरे मोठे पट्टे आहेत, तो इबिझन हाउंड दिसतो. केल्ब ताल-फेनेक तांबूस-बदामी रंगाचा असतो. पांढरे असले तर शेपटीचे टोक, छाती, पंजे एवढ्यावरच, फार तर कपाळावर आणि नाकाडावर बारीक रेघ. नराची उंची खांद्यापाशी ५६ ते ६३.५ सेंमी. इबिझनचा नर ६६ ते ७२, चिर्नेकोचा ४६ ते ५० सेंमी. उंचीवरूनच तिघे वेगळे काढता येतात. आणखी एक खूण म्हणजे केल्बच्या नाकावर आणि पापण्यांच्या कडांवर काळा रंग नसतो. त्यामुळे तो उत्तेजित झाला की रक्त वाढून नाक आणि कानांची आतली बाजू गुलाबी होते.

नावाचा असाच गुंता आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात ज्याला कारवान म्हणतात, तोच बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने ओळखला जातो. २००५च्या टपाल तिकिटावर तो ‘मुधोळ हाउंड’ आहे, तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ‘कॅरव्हान हाउंड’. पण निदान दोन्ही नावे इथल्याच लोकांच्या वापरातली आहेत. म्हणून विनंती, की यापुढे माल्टाच्या कुत्र्याचे नाव ‘केल्ब ताल-फेनेक’ असे छापावे आणि ओळख पटावी म्हणून पुढे ‘फॅरो हाउंड’ जोडावे.

इंग्लंड-अमेरिकेतले मराठी वाचकही आपला अंक वाचतात, त्यांच्यातल्या कोणाला हा कुत्रा पाळायचा असेल तर काही गोष्टी. साधा पट्टा चालत नाही. मानेच्या मानाने डोके अरुंद असल्याने कुत्रा मागे सरकला की पट्टा कानांवरून निसटतो. ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. कुंपण किमान सहा फूट हवे आणि त्याला टेकून बाक, कुंडी, पेटी काही ठेवू नये, त्यावर पाय देऊन तो पलीकडे जातो. मोकळ्यावर साखळी सोडू नये. खार किंवा ससा दिसल्यावर कितीही शिकवलेला कुत्रा हाकेला येईल याचा भरवसा नाही. केस आखूड आणि अंगावर चरबी कमी, म्हणून थंडीत झूल घालावी आणि झोपायला जाड गादी द्यावी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. तब्येतीच्या कुत्र्याच्याही बरगड्या थोड्या दिसतात. त्या झाकण्यासाठी खायला वाढवले तर भार सांध्यांवर येतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देण्याआधी पशुवैद्यांना जात स्पष्ट सांगावी. थायोपेंटालसारख्या भुलीच्या औषधातून ग्रेहाउंड फार उशिरा शुद्धीवर येतात, तेव्हा अशा कमी चरबीच्या जातींसाठी दुसरे औषध निवडणे सुरक्षित.

आपले,
शिकारी कुत्री पाळणारे काही वाचक, सांगोला (जि. सोलापूर)